चंपतरावांचं शून्य

तेलंगणातल्या उटनुरात बसस्टँडकडून बाजाराकडे वळलं की डाव्या हाताला चंपतरावांचं किराणा दुकान लागतं, आणि त्या दुकानात 'शून्य' म्हटल्याशिवाय काही मिळत नाही. ही थट्टा नव्हे. तुम्ही तूरडाळ मागा नाहीतर चार लवंगा, चंपतराव आधी काट्यावर कागद ठेवणार, बटण दाबणार, काटा तुमच्याकडे फिरवणार आणि हात बांधून वाट बघणार. तुम्ही आकडा वाचून तोंडानं 'शून्य' म्हणायचं, मग पुडीत दाणा पडायचा. तेलुगू बोलणारे 'सुन्ना' म्हणतात, तेही चालतं. 'हो हो, टाका लवकर' म्हणणाऱ्या एका हेडमास्तरांना मात्र त्यांनी सगळ्या गिऱ्हाइकांदेखत ताटकळत ठेवलं होतं, आणि शेवटी मास्तरही बिचारे शाळेतल्या पोरासारखे 'शून्य' म्हणाले होते.

याला कारण होतं. चंपतरावांच्या वडिलांचा बाजारात एक भागीदार होता. त्यानं तराजूच्या पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवून ठेवला होता. एकदा भर बाजारात तो गोळा सुटला आणि नेमका एका म्हातारीच्या पायावर पडला. भागीदार पळाला तो पळालाच, आणि 'चिंचवाले' हे नाव पडलं ते या घराला. ते पुसता पुसता वडील गेले. उरलेलं पुसायला चंपतरावांनी हे शून्य धरलं, आणि आता कोणी चिंचवाले म्हणत नाही.

हर्षाली ही त्यांची मुलगी. आदिलाबादला फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली आणि परत येऊन गल्ल्यावर बसली. दिवसभर ती दुकानाची, पण अंधार पडला की दुकानावरच्या गच्चीची. गच्चीच्या मागं जंगलाची बाजू, तिकडे दिवा म्हणून नाही, त्यामुळे आकाश असं काळं की बघत राहावं. या गच्चीवरून हर्षालीनं साध्या दुर्बिणीतून गुरूचे चंद्र पाहिले, शनीचं कडं पाहिलं, आणि आई राहीबाईंनी मिरच्या वाळत घातलेल्या असल्या की त्या तुडवलेल्याही पाहिल्या. राहीबाईंच्या मते पोरगी हुशार होती, पण पायाखाली बघत नव्हती.

आणि आता ही गच्चीच जायची वेळ आली होती. प्रवीण नावाचा जाहिरातीचे बोर्ड लावणारा माणूस येऊन गच्ची बघून गेला होता. त्याला तिथं मोठा बोर्ड उभा करायचा होता, रात्रभर दिवे जळणारा. चंपतरावांना त्यात वाईट काही दिसेना. बसल्या जागी भाडं, गच्ची तर तशीही रिकामी. हर्षालीनं बापाशी दोन दिवस हुज्जत घातली. असला दिवा डोक्यावर आला तर आकाश संपलं, हे तिनं परोपरीनं सांगितलं. शेवटी चंपतरावांनी व्यापाऱ्यासारखा तोडगा काढला.

"मृग मी बी पाह्यतो, त्यातलं तिकांडं मी बी पाह्यतो," ते म्हणाले. "जे मले सडकेवरून दिसत नाई, असं काई दाखव. मंग गच्ची तुही. रविवारी प्रवीण येनार हाये, त्याच्या आत."

तिकांडं म्हणजे मृग नक्षत्रातले ते एका ओळीतले तीन तारे. हिवाळ्यात दुकान बंद करायच्या वेळेला ते पूर्वेला वर आलेले असतात, सगळ्या गावाच्या ओळखीचे. हर्षालीनं मनात तिथंच बोट ठेवलं. त्या तीन ताऱ्यांभोवती तांबूस वायूची एक प्रचंड कमान आहे. कितीतरी चंद्र ओळीनं मांडले तरी पुरणार नाहीत एवढी मोठी, आणि इतकी पुसट की उघड्या डोळ्याला तिचा मागमूस लागत नाही. बापानं जन्मभर ज्याच्याकडे बघितलं त्याच्याच भोवती न दिसणारं दाखवायचं, यासारखी दुसरी मजा नव्हती.

कॅमेरा तिचा नव्हता. कॉलेजातली मैत्रीण वृषाली हैदराबादला नोकरी करते, तिनं जुना विकत घेतलेला आकाशाचे फोटो काढायचा कॅमेरा अमावस्येच्या आठवड्यापुरता पाठवला होता. लोणच्याच्या बरणीएवढा गोल डबा, पुढं भिंग, फक्त तांबडा प्रकाश आत सोडणारी एक काच, आणि आकाशाबरोबर हळूहळू फिरणारं स्टँड. या कॅमेऱ्याला दोन आकडे द्यावे लागतात. एक गेन, म्हणजे आलेला प्रकाश किती वाढवून मोजायचा तो. दुसरा ऑफसेट, म्हणजे मोजणी सुरू व्हायच्या आधीच चित्राच्या प्रत्येक ठिपक्यात किती आकडा घालून ठेवायचा तो.

गेन तिनं विचार करून अगदी कमी ठेवला. मृगातले मोठे तारे भारी तेजस्वी, जास्त वाढवलं तर नुसते चुन्याचे शिंतोडे दिसले असते. ऑफसेटचा मात्र तिनं विचारच केला नाही. तिथं आधीचा काहीतरी आकडा होता. तिच्या बोटानं तो मागं मागं नेला आणि शून्यावर आणून सोडला. आता बोला! जी पोर चालायला लागल्यापासून काट्यावर शून्य बघत आली, तिच्या बोटाला दुसरं काय सुचणार? आधी काट्यावर काही नको, मग माल घाला. तिला वाटलं, आपण फार चोख काम केलं.

दोन संध्याकाळी तिनं मृगाचे थोड्या थोड्या वेळाचे बरेच फोटो काढले आणि सगळे कॉम्प्युटरवर एकावर एक रचून एक चित्र केलं. चित्र देखणं आलं. काजळासारखं काळं आकाश, त्यात टाचणीच्या टोकाएवढे स्वच्छ तारे. कमान मात्र नव्हती. हर्षालीनं चित्र उजळून पाहिलं, ताणून पाहिलं, पडद्याला नाक लावून पाहिलं. काळ्यातून काळंच निघालं.

चंपतरावांनी चित्र बघून मान डोलावली. "साफ हाये," ते म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून ही मोठी तारीफ होती. "पन हे तर मले सडकेवरून बी दिसते."

दुसरी कोणी असती तर कपाळाला हात लावून बसली असती. हर्षालीचं तसं नव्हतं. एखादी गोष्ट का बिघडली हे कळेपर्यंत तिला जेवणही गोड लागत नसे. आकाश चांगलं होतं, स्टँड नीट फिरत होतं, कमान तर जागची हलणार नव्हती. मग ती गेली कुठं? तिनं वृषालीला फोन लावला. वृषालीनं ऑफसेटचा आकडा विचारला आणि 'शून्य' ऐकून ती हसायलाच लागली. आधी कोणता आकडा होता ते तिलाही सांगता येईना. कॅमेरा घेतल्यापासून तिनं त्याला हातच लावला नव्हता. पण तो शोधायची रीत तिनं सांगितली. भिंगावर झाकण लावायचं, अंधाऱ्या जागी बसायचं आणि कशाचाच फोटो काढायचा नाही, म्हणजे अंधाराचाच फोटो काढायचा.

दुकानामागं धान्याची खोली आहे, बिनखिडकीची. दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक पांगल्यावर हर्षाली तिथं पोत्यांच्या आड कॅमेरा आणि लॅपटॉप घेऊन बसली. कॅमेऱ्याला झाकण, झाकणावर दोन बारदानं. राहीबाई आत आल्या त्या खसखशीचं पोतं बघायला. त्यांची नेहमीची तक्रार होती की हे एकच पोतं हिशेबाच्या आधी संपतं. जिरं बरोबर जातं, मोहरी बरोबर जाते, खसखस तेवढी कुठं जाते कोण जाणे. चंपतरावांचा संशय उंदरांवर होता. उंदीर काही बोलत नव्हते.

त्यांच्या मागोमाग चंपतराव डोकावले.

"पोरी, झाकन काढाचं राह्यलं न," ते म्हणाले.

"माईत हाये, बाबा."

"मंग फोटो कायचा काढून राह्यली?"

"अंधाराचा."

चंपतराव तांदळाच्या पोत्यावर बसले. आपली मुलगी वेडी झाली की काय, असं त्यांच्या मनात आलं असणार, पण कुतूहल त्यांनाही काही कमी नव्हतं. "किती निंगला?" त्यांनी विचारलं. बाहेरून कोणीतरी हाक मारली आणि उत्तर न ऐकताच त्यांना उठावं लागलं.

किती निघाला हेच तर हर्षाली बघत होती. पडद्यावर आलेख उमटला होता, कोणता आकडा किती ठिपक्यांनी सांगितला त्याचा. खरं म्हणजे ती एक टेकडी असायला हवी होती. अंधार मोजतानाही कॅमेऱ्याची स्वतःची जराशी चुळबुळ असतेच, कुठला ठिपका किंचित जास्त सांगतो, कुठला किंचित कमी. पण इथं टेकडीची डावी बाजूच नव्हती. अर्धी टेकडी उभी कापून भिंतीला टेकवून ठेवल्यासारखी दिसत होती, आणि ती भिंत म्हणजे शून्य. कॅमेऱ्याला शून्याच्या खाली आकडाच नाही. किंचित कमी सांगणारा प्रत्येक ठिपका तो सरसकट शून्य म्हणून लिहून मोकळा होत होता, आणि एकदा शून्य लिहिलं की किती कमी होतं ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

कमान गेली होती ती तिथं. तिचा पुसट उजेड त्या चुळबुळीएवढाच होता, आणि अर्धी चुळबुळ कापली जात होती. हैदराबादसारख्या ठिकाणी आकाशच इतकं उजळ असतं की सगळी टेकडी आपोआप भिंतीपासून दूर सरकते. उटनूरच्या चांगल्या काळ्या आकाशात मात्र तिला ढकलणारं कोणी नव्हतं. ज्या अंधाराचा तिला अभिमान, त्यानंच तिची चूक पोसली होती. हे कळल्यावर वाईट वाटायचं सोडून हर्षालीला हसू आलं.

मग तिनं ऑफसेट थोडा थोडा वाढवायला घेतला. टेकडी हळूहळू उजवीकडे सरकली आणि तिची लपलेली बाजू भिंतीतून बाहेर यायला लागली. चाळीसला अजून काही ठिपके भिंतीला चिकटून होते. पन्नासला एकही नाही, सगळी टेकडी मोकळी उभी. आणखी वाढवण्यात अर्थ नव्हता, कारण खाली जेवढं भरून ठेवावं तेवढी वर ताऱ्यांसाठी जागा कमी पडते. गेनचंही तिनं तसंच केलं. वाढवत वाढवत शंभराशी आल्यावर कॅमेऱ्याची चुळबुळ एकदम बसली, आणि त्याच्यापुढं नेल्यावर फायदा काही नाही, तारे मात्र फुटायला लागणार. गेन शंभर, ऑफसेट पन्नास. त्या संध्याकाळी तिनं पुन्हा मृग धरला. एकेकटा फोटो बघायला मळकट होता, धुतलेल्या पाटीसारखा करडा, पण आता तिला त्या करड्याची भीती वाटली नाही.

शनिवारी दुपारी चित्र तयार झालं. झाकण लावून काढलेला अंधार तिनं प्रत्येक फोटोतून वजा केला, मग फोटो एकावर एक रचले आणि उजळत नेले. आधी तिकांडं आलं, मग खालचे तारे आले, आणि मग डाव्या बाजूनं कोणीतरी श्वास सोडावा तशी ती कमान वर आली. हर्षाली धावत बाहेर गेली आणि बापाला गल्ल्यावरून उठवून घेऊन आली.

चंपतराव चित्राकडे बराच वेळ बघत राहिले. तिकांडं त्यांनी ओळखलं, बोटानं त्याला हातही लावला. मग बोट त्या कमानीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं.

"हे आजवर कुठं होतं?"

"इथंच होतं," हर्षाली म्हणाली. आणि इथं तिनं गप्प राहायला हवं होतं, असं कोणीही म्हणेल. गच्ची हातात आलीच होती. पण ती चंपतरावांचीच मुलगी. तिनं सगळं सांगितलं. आधी शून्य ठेवलं होतं तर दिसलं नाही, मग प्रत्येक ठिपक्यात आधीच थोडा आकडा घालून ठेवला, तेव्हा दिसलं.

चंपतरावांचा चेहरा उतरला. "म्हंजे मोजायच्या आधीच पारड्यात काई घातलं तू."

"घातलं, पन मंग..."

"हे चिंच हाये, हर्षे," ते हळू आवाजात म्हणाले आणि उठून दुकानात गेले.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. हर्षालीला रडूही आलं आणि संतापही आला. फिजिक्सचं पुस्तक पुढ्यात टाकून बापाला समजावण्यात अर्थ नव्हता, त्या माणसाचं अर्धं आयुष्य त्या एका गोळ्यानं खाल्लं होतं. उद्या प्रवीण येणार, बापानं 'हो' म्हणायचं आणि दिवे लागायचे. ती डोळे पुसून गल्ल्याजवळ जाऊन बसली, कारण शनिवारची गर्दी होती आणि रुसायलाही सवड नव्हती.

एक बाई खसखस मागत होती. कागद ठेवला, बटण दाबलं, बाई 'शून्य' म्हणाली. चंपतरावांनी नेहमीप्रमाणे चिमटी चिमटीनं खसखस सोडायला सुरुवात केली. महाग वस्तू, दाणाही इकडेतिकडे नको. हर्षाली रिकाम्या नजरेनं काट्याकडे बघत होती. एक चिमटी पडली, शून्य. दुसरी पडली, शून्य. तिसरी पडली तरी काटा शून्यच सांगत होता, आणि कागदावर खसखशीचा बारीक ढीग तर डोळ्यांना दिसत होता. हे तिनं हजारदा बघितलं होतं आणि आज पहिल्यांदा तिला दिसलं. ती बाई पुडी घेऊन पायरी उतरेपर्यंत हर्षालीनं कसाबसा धीर धरला.

"बाबा, मले खसखस द्या," ती समोर जाऊन गिऱ्हाइकासारखी उभी राहिली.

चंपतरावांनी तिच्याकडे पाहिलं. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. त्यांनी कागद ठेवला, काटा फिरवला. हर्षाली 'शून्य' म्हणाली. तिनं सांगितलं तसं ते अगदी हळू, बारीक बारीक चिमटीनं सोडत राहिले. कागदावर ढीग जमला. काटा शून्य. मग तिनं त्यांना तो ढीग उचलून घ्यायला लावला, मोकळ्या कागदावर पन्नास ग्रॅमचं लोखंडी वजन ठेवायला लावलं आणि तोच ढीग पुन्हा तितक्याच हळू सोडायला सांगितला. काट्यावर पन्नास होते. दाणे पडत गेले. एक्कावन्न झाले, मग बावन्न, मग त्रेपन्न.

चंपतरावांचा हात हवेत थांबला. हे त्यांच्या काट्यावर होत होतं, सरकारी शिक्का मारलेल्या काट्यावर. शून्याजवळ असताना हा काटा बारीकसारीक गोष्टीला धूळ समजतो आणि स्वतःच पुसून पुन्हा शून्य दाखवतो, हे हर्षालीनं त्यांना सांगितलं. जिऱ्याची मूठ एकदम पडते म्हणून ती सुटते, चिमटीनं सोडलेली खसखस मात्र एखादी मोठी चिमटी पडून काटा हलेपर्यंत तो गिळत राहतो. आतून राहीबाई बाहेर आल्या होत्या. त्यांनी एकदा काट्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि उंदरांना इतकी वर्षं दिलेल्या शिव्यांबद्दल काय करायचं ते विचारलं. इतकी वर्षं आपण चोख शून्य दाखवून प्रत्येक गिऱ्हाइकाला फुकट खसखस वाटत आलो, हे चंपतरावांना हळूहळू उमगत होतं.

"चिंच पारड्याखाली होती, बाबा," हर्षाली म्हणाली. "कोनाले दिसू नये म्हनून. हे वर ठेवलं हाये, सगळ्याईच्या समोर. अन मोजून झालं का जेवढं ठेवलं तेवढं वजा करायचं. माह्या चित्रात बी तेच हाये. पन्नास ठेवले, पन्नास काढले. जे उरलं ते आकाशाचं."

चंपतरावांनी वजन उचललं, काटा त्रेपन्नावरून तीनवर आला. त्यांनी वजन पुन्हा ठेवलं, पुन्हा उचललं. लहान पोर पहिल्यांदा बटण दाबून दिवा लावतं आणि मग लावतच बसतं, तसं ते कितीतरी वेळ करत होते. दुकान वाढवायची वेळ झाली. शटर ओढून ते जरा सडकेवर उभे राहिले. पूर्वेला तिकांडं वर आलं होतं, आणि ते त्या ताऱ्यांकडे नाही, त्यांच्या डावीकडच्या काळ्या जागेकडे बघत होते.

रविवारी प्रवीण मोजपट्टी घेऊनच आला. बाजाराचा दिवस, दुकानात विमलबाई उभ्या होत्या, या दुकानाचं फार जुनं गिऱ्हाईक. त्यांना खसखस हवी होती. चंपतरावांनी कागद ठेवला, कागदावर पन्नासचं वजन ठेवलं आणि काटा त्यांच्याकडे फिरवला. सवयीनं उघडलेलं विमलबाईंचं तोंड तसंच राहिलं.

"काऊन हो, आज शून्य नाई?"

"थांबा बाई, सांगतो," चंपतराव म्हणाले आणि प्रवीणकडे वळले. गच्ची द्यायची नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. प्रवीण चकित झाला. पाण्याची टाकी आणि मिरच्या, याशिवाय गच्चीवर आहे काय, असं त्यानं विचारलं. हर्षाली गल्ल्यामागं कान देऊन उभी होती.

चंपतराव दुकानाच्या पायरीवर आले. चिमटीत खसखस तशीच होती. भर उन्हात त्यांनी हात वर केला आणि गच्चीच्या वर, पूर्वेकडच्या मोकळ्या आकाशात, एक भली मोठी कमान काढली.

"रातच्याले मृग निंगते न, त्याच्या भोवताल हे हाये," ते म्हणाले. "मले दिसत नाई. तुले बी दिसनार नाई. पन हाये. म्या वजा करून पाह्यलं."

मग ते आत आले, काट्यासमोर हात बांधून उभे राहिले आणि वाट बघू लागले. विमलबाईंनी आकडा पुन्हा एकदा नीट वाचला.

"पन्नास," त्या म्हणाल्या, आणि पुडीत दाणा पडला.